‘औदुंबर’चं रसग्रहण लिहायचंय, सल्ला हवा

सांजवात:
वाचनालयाच्या रसग्रहण स्पर्धेसाठी बालकवींची ‘औदुंबर’ घेतली आहे. मर्यादा ५०० शब्द, हातात आठ दिवस. पुस्तकांवर २०० रुपयांच्या वर खर्च जमणार नाही, लेकीची फी भरायची आहे. कविता आठच ओळींची: झरा, गाव, शेतं, पायवाट, काळा डोह आणि शेवटी जळात पाय टाकून बसलेला औदुंबर, म्हणजे उंबराचं झाड. दोन परिच्छेद झाले की पुढे फक्त ‘किती सुंदर’ एवढंच सुचतं. सुरुवात कुठून करू?

गिरणाकाठ:
बालकवी आमच्या खानदेशचे, धरणगावचा जन्म. चरित्रापासूनच सुरुवात करा. १९०७ च्या जळगावच्या कविसंमेलनात डॉ. कीर्तिकरांनी त्यांना ‘बालकवी’ म्हटलं. १९१८ मध्ये भादली स्टेशनाजवळ रेल्वेखाली गेले, वयाची २८ वर्षंही पूर्ण नव्हती. हे ठाऊक असलं की तो काळा डोह वेगळाच दिसतो.

ग्रंथसखा:
समग्र कविता विकत घ्याच. मी गेल्या वर्षी प्रदर्शनातून आणली, शिवाय समीक्षेचे दोन ग्रंथ. हजारभर रुपये गेले, पण घरात असावंच.

सांजवात:
दादा, २०० म्हटलंय हो मी.

फळाखडू:
दहावीला मराठी शिकवून ३० वर्षं झाली. आशयसौंदर्य, काव्यसौंदर्य, भाषिक वैशिष्ट्ये, या क्रमाने लिहा. झाड पाय सोडून बसलंय, म्हणजे चेतनगुणोक्ती, माणूस नसलेल्याला माणसासारखं वागवणारा अलंकार. ते विसरलात तर गुण गेलेच. माझे विद्यार्थी कधी अडले नाहीत.

निळासावळा:
बाई, तो साचा पेपरापुरता ठीक. अलंकाराचं नाव लिहिलं म्हणजे कविता उलगडली असं होत नाही. आधी रंग मोजा. झरा निळासावळा, शेतं हिरवी, पायवाट पांढरी, कुरण हिरवं, डोह काळा, लाटांवर काळिमा. औदुंबराला मात्र रंगच दिलेला नाही! मी यावर एका स्पर्धेत ९०० शब्द लिहिले आणि मर्यादा ओलांडली म्हणून बाद झालो. अजून राग जात नाही.

गिरणाकाठ:
रंगांचं पटलं. पण चरित्र सोडू नका.

दत्तकृपा:
औदुंबर म्हणजे दत्ताचं ठिकाण, हा मुद्दा कुणी कसा काढला नाही? उंबराचं फूल बाहेर दिसत नाही, फळाच्या आतच असतं. झाड तसं अंतर्मुख बसलंय.

फळाखडू:
कवितेत दत्त कुठे आहे? एक शब्द दाखवा.

दत्तकृपा:
नावातच आहे.

मात्रावृत्त:
मोठ्याने म्हणून बघा, पुस्तक नको की पैसे नकोत. प्रत्येक ओळीत १६ मात्रा (ऱ्हस्व अक्षराची एक, दीर्घाची दोन) झाल्या की विसावा येतो. ‘चार घरांचे गाव चिमुकले’ इथे थांबा, मग ‘पैल टेकडीकडे’. आता शेवटची ओळ: ‘पाय टाकुनी जळात बसला’, थांबा, ‘असला औदुंबर’. हा थांबा बरोबर ‘बसला’ आणि ‘असला’च्या मधे पडतो. तोवर झरा वाहतोय, पायवाट चाललीय, काळिमा पसरतोय. ‘बसला’वर सगळं थबकतं. मग ‘असला’, म्हणजे हा असा. बोट दाखवून म्हटल्यासारखं.

निळासावळा:
‘बसला असला’ एकत्रही वाचता येतं. बसला असेल, असा अंदाज.

मात्रावृत्त:
मग विसावा मोडतो. आणि दोन्ही वाचनं कानाला कशी लागतात ते लिहिलं तरी चालेल.

ग्रंथसखा:
हेच सांगत होतो, ग्रंथ हवेतच.

सांजवात:
सगळ्यांचे आभार. काल रात्री ओट्यापाशी उभं राहून मोठ्याने सहा-सात वेळा म्हटली. दर वेळी ‘बसला’पाशी श्वास आपोआप सुटला. लेक म्हणाली, ‘आई, यात माणूसच नाही. घरं आहेत, वाट आहे, त्या वाटेवर कुणीच नाही.’ हे तुमच्यापैकी कुणीच म्हटलं नव्हतं.
तेव्हा ठरलं. चरित्र नाही, दत्त नाही, रंगसुद्धा नाहीत. ५०० शब्द फक्त रिकाम्या पायवाटेवर आणि त्या थांब्यावर. पुस्तक विकत घेतलं नाही, वाचनालयातली प्रत वहीत उतरवून घेतली.

फळाखडू:
चेतनगुणोक्ती तेवढी लिहा हो.