मदत हवी आहे : वीजबचतीच्या शिफारशींसाठी घराची तुलना कोणाशी करावी?

नमस्कार. गोव्यात फोंड्यातील आमच्या गृहनिर्माण सोसायटीसाठी मी एक छोटी शिफारस प्रणाली तयार करत आहे. संमती देणाऱ्या कुटुंबांच्या वीजबिलांवरून प्रत्येक घराला साजेशी बचतीची एकच सूचना दरमहा पाठवावी, असा हेतू आहे.

चित्रपट सुचवताना वापरतात ती कोलॅबरेटिव्ह फिल्टरिंगची (सारख्या आवडीच्या लोकांच्या निवडींवरून सुचवण्याची) पद्धत येथे उपयोगी पडेल असे वाटत नाही, कारण तिला पुष्कळ लोकांच्या निवडींची नोंद लागते आणि माझ्यापाशी मोजकी घरे व बिलावरील युनिटांचा आकडा एवढेच आहे. त्यातून फ्रीज किती खातो नि गिझर किती, हे कळत नाही. म्हणून प्रश्नावली भरून घेऊन साध्या नियमांपासून सुरुवात करावी, असा माझा कल आहे. जुना पंखा साधारण ७५ वॅट घेतो, तर बीएलडीसी (ब्रशविरहित मोटरचा) पंखा ३० वॅटच्या आसपास. पण भाडेकरूला पंखे बदलायला सांगून काय होणार? त्याला एसी २४ अंशांवर ठेवायला सुचवणे बरे.

सूचनेसोबत घराच्या वापराची तुलनाही द्यायची आहे, आणि अडचण तिथेच येते. शेजाऱ्यांशी तुलना करणाऱ्या ओपॉवर या कंपनीच्या अहवालांमुळे अमेरिकेत सरासरी सुमारे २ टक्के वापर घटला. मात्र कॅलिफोर्नियातील सॅन मार्कोस येथील, २००७ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात सरासरी कळताच कमी वापरणाऱ्यांचा वापर वाढला, आणि सोबत हसरा चेहरा छापल्यावर ती वाढ टळली. तो उपाय मी उचलणारच आहे. आमच्याकडचा पेच निराळा आहे. कित्येक फ्लॅटांचे मालक आखातात किंवा बोटीवर नोकरीला असल्यामुळे ते महिनोन्‌महिने बंद असतात आणि त्यांच्यामुळे सरासरी विनाकारण खाली येते. चवथीला (गणेशचतुर्थीला) तर निम्मी बिऱ्हाडे गावच्या घरी जातात. त्या महिन्यात प्रणाली त्यांना बचतीची शाबासकी देऊन मोकळी होईल.

तेव्हा घराची तुलना त्याच्याच गेल्या वर्षीच्या त्याच महिन्याशी करावी, की तेवढीच माणसे व उपकरणे असलेल्या घरांशी? चवथ दरवर्षी त्याच महिन्यात येत नाही, हेही आहेच. बंद फ्लॅट केवळ युनिटांवरून ओळखून वगळता येतील का? आणि नाकारलेली सूचना पुन्हा केव्हा द्यावी? असे काम प्रत्यक्ष केलेल्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.