४ ओहमचे स्पीकर, ६० वॉटचा अ‍ॅम्प्लिफायर आणि पखवाजाच्या तिहाईला सुटणारी रिले

मंद्रसप्तक (कोथरूड)

नमस्कार. मामांनी गेल्या दिवाळीत बिऱ्हाड बंगळूरुला हलवले, तेव्हा त्यांचे जमिनीवर उभे राहणारे थ्री-वे स्पीकर माझ्याकडे आले. मागच्या पट्टीवर नॉमिनल इम्पिडन्स (करंटला होणारा विरोध, ढोबळ आकडा) ४ ओहम आणि सेन्सिटिव्हिटी २.८३ व्होल्टला १ मीटरवर ८६ डेसिबल असे छापलेले आहे. माझा इंटिग्रेटेड अ‍ॅम्प्लिफायर १२ वर्षांचा आहे. त्याच्या माहितीपत्रकात ८ ओहमला ६० वॉट एवढाच आकडा आहे, ४ ओहमचा उल्लेखही नाही. खोली १२ बाय १६ फूट असून मी स्पीकरपासून साधारण ३ मीटरवर बसतो.

ख्याल आणि नाट्यसंगीत ऐकताना काहीच तक्रार नाही. किंबहुना तानपुऱ्याची जवारी इतकी उलगडलेली मी घरात यापूर्वी कधी ऐकली नव्हती. अडचण ध्रुपदाला येते. पखवाजाची तिहाई समेकडे धावत असते आणि सम पडायच्या आत अ‍ॅम्प्लिफायरमधून ‘टक्’ असा आवाज येऊन सगळे शांत होते. चार-पाच सेकंदांनी पुन्हा ‘टक्’ होते आणि गाणे पुढून सुरू होते. व्हॉल्यूमचा नॉब तेव्हा घड्याळातल्या अकराच्या पुढेही गेलेला नसतो. अर्ध्या तासानंतर अ‍ॅम्प्लिफायरच्या झाकणावर तळहात ठेववत नाही. तो हॉलमधल्या काचेच्या दाराच्या शोकेसमध्ये ठेवलेला आहे, हेही सांगून ठेवतो.

एका दुकानदारांनी “हे स्पीकर जड आहेत, सरळ २०० वॉटचा घ्या” असे सांगितले. दुसऱ्यांनी सात चॅनेलचा, प्रत्येकी १०० वॉटचा आणि मागे ४ ओहमचा स्विच असलेला होम थिएटर रिसीव्हर सुचवला. एका मित्राचे म्हणणे असे, की आहे तसाच आणखी एक अ‍ॅम्प्लिफायर जुन्यात मिळवून एकेका स्पीकरला एकेक ब्रिज करून, म्हणजे त्याचे दोन्ही चॅनेल एकत्र जोडून, लावावा. एक लाखापर्यंत खर्च करण्याची माझी तयारी आहे, परंतु तो चुकीच्या जागी होऊ नये अशी इच्छा आहे. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

रोहित्र (भोसरी)

नमस्कार. मी पॉवर इलेक्ट्रॉनिक्समध्ये ३० वर्षे काम करून निवृत्त झालो आहे आणि घरचे अ‍ॅम्प्लिफायर स्वतःच दुरुस्त करतो, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

‘जड स्पीकर’ या एका शब्दाखाली आपल्याकडे दोन वेगळ्या गोष्टी एकत्र केल्या जातात. पहिला जडपणा कमी सेन्सिटिव्हिटीचा: आवाज मोठा होण्यासाठी जास्त व्होल्टेज द्यावे लागते. दुसरा कमी इम्पिडन्सचा: व्होल्टेज तेवढेच, पण करंट जास्त ओढला जातो. दोन्हींवरचे उपाय वेगळे आहेत आणि वॉटचा एकच आकडा पाहून यांतला कोणता त्रास आहे ते कळत नाही.

आपल्या पट्टीवरच्या ८६ डेसिबलचेच पाहा. २.८३ व्होल्ट म्हणजे ८ ओहमला बरोबर १ वॉट होतो, मात्र ४ ओहमला २ वॉट होतात. म्हणजे वॉटच्या भाषेत आपले स्पीकर ८३ डेसिबलचेच आहेत. शिवाय नॉमिनल ४ ओहम याचा अर्थ सर्व स्वरांना ४ ओहम असा नव्हे. आंतरराष्ट्रीय मानकाच्या संकेतानुसार इम्पिडन्स नॉमिनल आकड्याच्या ८० टक्क्यांपर्यंत, म्हणजे ३.२ ओहमपर्यंत, उतरू शकतो, आणि काही उत्पादक हा संकेतही काटेकोरपणे पाळत नाहीत.

त्याहून महत्त्वाची गोष्ट फेजची, आणि ती माहितीपत्रकात जवळजवळ कधीच सापडत नाही. स्पीकर हा साधा रेझिस्टर नसतो; त्यात कॉइल आणि कपॅसिटर असतात, हलणारा कोन असतो, पेटीतली हवा असते. त्यामुळे व्होल्टेज आणि करंट एकाच वेळी भरात येत नाहीत. साध्या रेझिस्टरवर करंट जास्तीत जास्त असतो तेव्हा आउटपुट व्होल्टेजही वर गेलेले असते, म्हणून ट्रान्झिस्टरवर थोडेच व्होल्टेज उरते. पण फेज सरकली, की आउटपुट शून्याच्या आसपास असतानाच करंट भरात येतो, आणि सप्लायचे जवळजवळ सगळे व्होल्टेज ट्रान्झिस्टरवर पडते. ती सगळी उष्णता त्यालाच सोसावी लागते. नेहमीच्या क्लास एबी अ‍ॅम्प्लिफायरच्या दृष्टीने ४५ अंश फेज असलेला ४ ओहमचा भार हा शिखराच्या क्षणी साध्या १.४ ओहमच्या रेझिस्टरइतका तापदायक असतो. प्रोटेक्शन सर्किट ओळखते ते हेच, आणि रिले (स्पीकरची जोडणी तोडणारा स्विच) सोडते.

माझा अंदाज असा, की आपल्याला वॉट कमी पडत नसून करंट कमी पडतो आहे. पण अंदाजावर लाख रुपये खर्च करू नयेत. दोन मोजमापे घरच्या घरी करता येतील.

पहिले मोजमाप व्होल्टेजचे. ज्या ध्वनिमुद्रणाला रिले सुटते ते आपल्या नेहमीच्या मोठ्यात मोठ्या आवाजावर लावा आणि नॉबला मग हात लावू नका. अ‍ॅम्प्लिफायर बंद करून दोन्ही स्पीकरच्या तारा काढा, पुन्हा सुरू करून पूर्ण पातळीपेक्षा १२ डेसिबल खाली असलेला ५० हर्ट्झचा टेस्ट टोन लावा आणि टर्मिनलवरचे एसी व्होल्टेज मल्टिमीटरने मोजा. १२ डेसिबल खाली म्हणजे व्होल्टेज एक चतुर्थांश, म्हणून त्याची चौपट म्हणजे त्या नॉबवर आपण मागू शकता ते कमाल व्होल्टेज. तारा काढून मोजण्याचा हा प्रकार ट्रान्झिस्टरच्या अ‍ॅम्प्लिफायरवरच करावा, व्हॉल्व्हच्या अ‍ॅम्प्लिफायरवर कधीही करू नये.

दुसरे मोजमाप स्पीकरचे. बुधवार पेठेत १० ओहम, १० वॉटचा पांढरा सिमेंट रेझिस्टर किरकोळ किमतीत मिळतो. तो एका स्पीकरच्या तारेत सिरीजमध्ये जोडा, आवाज हळू ठेवा आणि ४० पासून ४०० हर्ट्झपर्यंत एकेक टोन लावत तीन व्होल्टेज टिपा: एकूण, रेझिस्टरवरचे आणि स्पीकरवरचे. स्पीकरवरच्या व्होल्टेजला रेझिस्टरवरच्या व्होल्टेजने भागून १० ने गुणले, की इम्पिडन्स मिळतो. एकूण व्होल्टेजच्या वर्गातून बाकी दोघांचे वर्ग वजा करून, उरलेल्याला त्या दोघांच्या गुणाकाराच्या दुपटीने भागले, की फेजच्या कोनाचा कोसाइन मिळतो. रेझिस्टरमुळे अ‍ॅम्प्लिफायरवर ताण येत नाही, त्यामुळे भीती बाळगू नये.

एरंडवणे_श्रोता

रोहित्र यांनी सांगितलेला दोन जडपणांतला फरक मी उलट बाजूने अनुभवला आहे. माझ्याकडे एलएस ३/५ए जातीचे छोटे स्पीकर आहेत. मूळ रचना बीबीसीने १९७० च्या दशकात बाह्य प्रक्षेपणाच्या गाड्यांसाठी केली. तिची सेन्सिटिव्हिटी जेमतेम ८३ डेसिबल, पण इम्पिडन्स १५ ओहम. म्हणजे करंट जवळजवळ लागतच नाही, व्होल्टेज मात्र भरपूर लागते. ८ ओहमला १०० वॉट देणारा अ‍ॅम्प्लिफायर या स्पीकरला त्याच व्होल्टेजवर ५० वॉटच्या थोडे वरच देतो, तरीही तो थंडगार राहतो. दुसऱ्या टोकाला १९८० च्या दशकातला अपोजी सिंटिला हा रिबन स्पीकर होता. त्याचा इम्पिडन्स १ ओहमच्या आसपास असल्यामुळे भलेभले अ‍ॅम्प्लिफायर त्याच्यापुढे बंद पडत. दोघांनाही ‘जड’च म्हणतात.

एक पुस्ती जोडतो. कोणी व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प्लिफायर सुचवला तर घाई करू नका. त्याचा आउटपुट इम्पिडन्स १ ओहम धरला आणि आपल्या स्पीकरचा ३ ते २० ओहम असा वरखाली होत असला, तर केवळ त्यामुळे स्वरांच्या पातळीत सुमारे २ डेसिबलचा फरक पडतो. तो कधी गोड लागतो, पण मूळ ध्वनिमुद्रणात तो नसतो.

मंद्रसप्तक

आपणा दोघांचे मनापासून आभार. रविवारी दिवसभर हेच करत होतो. रेझिस्टर पासोड्या विठोबाजवळच्या एका दुकानात मिळाला.

५० हर्ट्झच्या टोनला टर्मिनलवर ३.६ व्होल्ट आले, म्हणजे चौपट १४.४ व्होल्ट.

इम्पिडन्स सर्वांत कमी ११० हर्ट्झला आला, ३.१ ओहम, आणि तिथे फेज जवळजवळ शून्य आहे. ८० हर्ट्झला तीन व्होल्टेज अशी आली: एकूण २.७०, रेझिस्टरवर २.००, स्पीकरवर ०.८४. म्हणजे इम्पिडन्स ४.२ ओहम आणि फेज सुमारे ४० अंश. हिशोब तीनदा करून पाहिला. फोनवरच्या स्पेक्ट्रम अ‍ॅपमध्ये ती तिहाई पाहिली, तर पखवाजाच्या कणीक लावलेल्या डाव्या तोंडाची ताकद ७५ ते ८५ हर्ट्झच्या मध्येच एकवटलेली दिसते. मला वाटले होते की ३.१ ओहमची जागा सर्वांत कठीण असेल. आपण यातून काय निष्कर्ष काढाल?

रोहित्र

आपण फार नीटसपणे मोजले आहे. आकडे पाहून समाधान वाटले, कारण आता बोलायला भक्कम आधार आहे.

आधी व्होल्टेज पाहू. १४.४ व्होल्ट म्हणजे ८ ओहमच्या हिशोबाने २६ वॉट. आपला ६० वॉटचा अ‍ॅम्प्लिफायर ८ ओहमला सुमारे २१.९ व्होल्ट देतो, म्हणजे साडेतीन डेसिबल शिल्लकच आहेत. नुसत्या आवाजासाठी २०० वॉटची गरज आपल्या खोलीत मुळीच नाही. दुकानदारांनी आकडा सांगितला, पण दुखणे दुसरीकडेच होते.

आता भार. ११० हर्ट्झला ३.१ ओहम आहे, पण फेज शून्य असल्यामुळे अ‍ॅम्प्लिफायरला तो ३.१ ओहमच वाटतो. शिखराला साडेसहा अँपिअरच्या आसपास करंट लागेल. ८० हर्ट्झला मात्र ४.२ ओहम आणि ४० अंश फेज यांचा एकत्र परिणाम ट्रान्झिस्टरच्या तापण्याच्या दृष्टीने सुमारे १.६ ओहमइतका होतो. म्हणजे कागदावर जी जागा सोपी दिसते तीच खरी अवघड आहे, आणि आपल्या पखवाजाची थाप नेमकी तिथेच पडते. ख्यालातल्या तबल्याला रिले का सुटत नाही, याचाही उलगडा यातून बहुधा होतो, कारण डग्ग्याची तशी जोरकस आणि लागोपाठ थाप त्या पट्टीत क्वचितच येते.

यावरून सुचवलेले तिन्ही पर्याय तपासून पाहा. बहुतेक रिसीव्हरांत ४ ओहमचा स्विच आतला सप्लाय कमी करतो किंवा मर्यादा आणतो. त्यामुळे यंत्र तापत नाही, पण करंट वाढत नाही. ब्रिज करणे तर आपल्या बाबतीत घातक ठरेल, कारण ब्रिजमध्ये प्रत्येक अर्ध्या भागाला निम्माच भार दिसतो, आणि १.६ चे ०.८ होतील. २०० वॉटचा अ‍ॅम्प्लिफायर चालेल, पण तो २०० वॉटचा आहे म्हणून नव्हे, तर त्याचे आउटपुट ट्रान्झिस्टर आणि ट्रान्सफॉर्मर मोठे असतील तर.

मी शोधेन तो अ‍ॅम्प्लिफायर असा: ८ ओहमला ८० ते १०० वॉट, ४ ओहमला त्याच्या पावणेदोन पटीहून कमी नाही, आणि २ ओहमचा आकडा उत्पादकाने स्वतः छापलेला. हा शेवटचा आकडा छापणे हीच मोठी कबुली आहे, कारण ज्याचा अ‍ॅम्प्लिफायर तिथे टिकत नाही तो त्याबद्दल गप्प राहतो. क्लास डीचा (ट्रान्झिस्टर वेगाने चालू-बंद करून चालणारा) चालेल का, तर चालेल, मात्र फीडबॅक (चूक सुधारण्यासाठी आउटपुटवरून परत घेतलेला सिग्नल) आउटपुट फिल्टरच्या पुढून घेतलेला असावा. जुन्या रचनांत तसे नसे आणि स्पीकर बदलला की वरच्या स्वरांचा तोल बदलत असे. हायपेक्स आणि प्युरिफाय या कंपन्यांच्या तयार मोड्यूलमध्ये ही अडचण नाही. पण त्यांतही करंटची मर्यादा मोड्यूलगणिक वेगळी असते, ती वाचूनच घ्यावे.

आणि कृपया शोकेसमधून तो आजच बाहेर काढा. एप्रिल-मे महिन्यांत आपल्याकडे पारा ३८-४० अंशांवर जातो, आणि बंद काचेआड हीटसिंकला (उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या पट्ट्यांना) थंड हवा मिळतच नाही. तारा २.५ चौरस मिलिमीटरच्या साध्या तांब्याच्या पुरेत. ३ मीटरच्या जाण्यायेण्याचा रोध ०.०४ ओहमच्या आसपास राहतो, त्याहून महाग तारेला पैसे घालू नयेत.

मंद्रसप्तक

दोन आठवड्यांनी लिहितो आहे. एका परिचितांकडून ८ ओहमला ८० वॉट, ४ ओहमला १५० आणि २ ओहमला २५० वॉट असा जुना पॉवर अ‍ॅम्प्लिफायर चार दिवसांसाठी आणला. एकट्याने उचलवेना, भाच्याला बोलावले. शोकेसच्या बाहेर, जमिनीवर लाकडी पाटावर ठेवला.

तीच तिहाई, तोच आवाज, आणि जुन्या अ‍ॅम्प्लिफायरच्या प्री-आउटमधून (नॉबनंतरच्या आउटपुटमधून) जोडल्यामुळे नॉब थोडा मागेपुढे करून तेच १४.४ व्होल्ट. रिले सुटली नाही. पण मला जे वेगळे जाणवले ते सांगतो: पूर्वी पखवाजाची डावी थाप पडली की मागचा तानपुरा क्षणभर आक्रसायचा. ते मी ध्वनिमुद्रणाचेच लक्षण समजत होतो. आता थाप पडते, विरते आणि तानपुरा अखंड राहतो. अर्ध्या तासानंतर हीटसिंकवर हात निवांत ठेवता येतो.

ते गृहस्थ हा अ‍ॅम्प्लिफायर विकायला तयार आहेत. तो १५ वर्षांचा आहे. घेण्याआधी काय पाहावे?

रोहित्र

आपण लिहिलेले तानपुऱ्याचे आक्रसणे अगदी खरे आहे. पुष्कळ प्रोटेक्शन सर्किट रिले सोडण्याआधीच करंट आवळायला लागतात आणि ते असेच ऐकू येते.

घेण्याआधी स्पीकर न जोडता, इनपुट बंद ठेवून, दोन्ही चॅनेलच्या टर्मिनलवर डीसी व्होल्टेज मोजा: एकदा थंड असताना आणि एकदा अर्ध्या तासाने. ५० मिलिव्होल्टच्या आत आणि स्थिर असेल तर निर्धास्त राहा. वाढत जात असेल तर घेऊ नका, कारण तो डीसी सरळ वूफरच्या कॉइलमध्ये जातो. झाकण उघडून मोठ्या फिल्टर कपॅसिटरचे वरचे तोंड फुगलेले किंवा बुडाशी चिकट डाग आहेत का ते पाहा; मात्र प्लग काढून थोडा वेळ गेल्यावरच, कारण त्यांत चार्ज उरतो. अगदी हळू आवाजात एखादा चॅनेल मधूनच नाहीसा होत असेल तर रिलेचे काँटॅक्ट काळे पडले आहेत. ती बदलणे सोपे आणि स्वस्त आहे, तेवढ्यासाठी सौदा सोडू नये.

जुना अ‍ॅम्प्लिफायर विकू नका, ८ ओहमच्या छोट्या स्पीकरवर तो उत्तम चालेल. शनिवारी दुपारनंतर मी कोथरूडलाच मुलीकडे असतो. आपली हरकत नसेल तर मीटर घेऊन येतो, आपण दोघे मिळून तपासू.