शाळा उघडायच्या आधी, गावातल्या गावात
महाबळेश्वरची बुकिंगं मिळाली नाहीत म्हणून मुलांची सुट्टी वाया गेली, असं इथे एका पालकांनी लिहिलेलं वाचून राहवलं नाही. १५ जूनला अजून आठवडा आहे आणि पुण्यातच कितीतरी आहे!

आम्ही परवा केळकर संग्रहालयात गेलो होतो. काकासाहेब केळकरांनी अकाली गेलेल्या मुलाच्या, राजाच्या आठवणीत हा संग्रह उभा केला आणि १९७५ साली सरकारला देऊन टाकला. आमच्या अकरा वर्षांच्या लेकीला हे सांगितल्यावर ती प्रत्येक वस्तूपाशी जरा जास्तच रेंगाळली. धाकटा अडकित्त्यांपाशी अडकला. "आज्जीकडे आहे तसाच!" म्हणून त्याने सगळी खोली दणाणून सोडली. दिवे, वाद्यं आणि मस्तानी महाल बघता बघता तीन तास कुठे गेले कळलं नाही.

तिथून पाताळेश्वर. एकाच खडकात कोरलेलं आठव्या शतकातलं लेणं, तेही भर जंगली महाराज रस्त्यावर. गोल नंदीमंडपाच्या गार सावलीत डब्यातले दडपे पोहे खाल्ले.

सिंहगडला मात्र पहाटेच निघा, रविवार टाळा. आतकरवाडीकडून चढलात तर वाटेत करवंदं मिळतील, वर पिठलं-भाकरी आणि मडक्यातलं दही. वळवाची सर आली तर मुलांना भिजू द्या, टॉवेल आणि कोरडे कपडे तेवढे सोबत ठेवा. वह्यांना कव्हरं काय, रात्रीसुद्धा घालता येतात.