बळ्ळारी नाल्याकाठच्या शिवाराचा नकाशा: गुंठे वाढतात, नावं फुटतात, आणि वेबवर टाकायचा कसा?

बांधावरचा (येळ्ळूर)

नमस्कार मंडळी. क्यूजीआयएसवर (संगणकावर नकाशे बनवायचं फुकट सॉफ्टवेअर) काम करणारं आमच्या आसपास कुणी नाही, म्हणून इथं लिहितोय. जरा सविस्तर सांगतो, नाहीतर तुम्ही विचारणार आणि मी उत्तरं देत बसणार.

बेळगावच्या येळ्ळूर, वडगाव, शहापूर, अनगोळ या पट्ट्यातली भातशेती ज्यांना ठाऊक आहे, त्यांना बळ्ळारी नाला सांगायला नको. आषाढ-श्रावणात जोराचा पाऊस लागला की नाल्याचं पाणी शिवारात फुगतं आणि लावणी झालेलं भात दिवस-दिवस पाण्याखाली राहतं. दरवर्षी तोंडी हिशेब होतो, 'आमचं दोन एकर गेलं, त्यांचं अर्धं गेलं', आणि पाणी ओसरलं की हिशेबही ओसरतो. म्हटलं, यंदा नकाशाच करू. कुठल्या सर्व्हे नंबरात पाणी कुठवर आलं, एवढंच त्यात दिसलं पाहिजे.

गाव नकाशा स्कॅन केला (प्रमाण १:७९२०, म्हणजे मैलाला आठ इंच), क्यूजीआयएसमधला जिओरेफरन्सर (स्कॅन केलेलं चित्र खऱ्या अक्षांश-रेखांशांवर बसवणारं साधन) वापरून जागेवर बसवला, आणि सर्व्हे नंबरांचे पॉलिगॉन, म्हणजे बंद आकार, काढले. पाणी ओसरल्यावर बांधाबांधानं हिंडून पुराची रेघ मोबाईलवर घेतली. ती रेघ ओळखायला सोपी असते. बांधावरच्या गवतावर गाळाचा राखाडी थर बसलेला असतो आणि त्याच्या वरच्या कडेला काटक्या, थर्माकोल, गुटख्याच्या पुड्या ओळीनं अडकलेल्या असतात. क्यूजीआयएसची आवृत्ती ३.२८, विंडोज, लॅपटॉप जुना.

आता रडगाणं. काकांचं एक तुकडं उताऱ्यावर १ एकर म्हणजे ४० गुंठे आहे. क्यूजीआयएस ते ४३ गुंठ्यांच्या वर दाखवतंय. एकच तुकडं असतं तर बांध सरकला म्हणून सोडून दिलं असतं, पण सगळ्यांचंच तेवढ्याच पटीत वाढलंय. काका खूश आहेत, म्हणतात 'हेच कायम कर'. दुसरं, शिवाराची नावं एका कॉलममध्ये मराठीत आणि एका कॉलममध्ये कन्नडमध्ये भरली आहेत. शेपफाईल (नकाशातले आकार आणि त्यांची माहिती साठवायचा जुना फाईल-प्रकार) मित्राला पाठवली तर त्याच्याकडं मराठीची चित्रविचित्र अक्षरं झाली आणि कन्नडच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं. तिसरं, वडगावच्या एकानं पुलांची आणि मोऱ्यांची सीएसव्ही (अक्षांश-रेखांशांचा साधा तक्ता) दिली, ती उघडली तर बिंदू नकाशावर दिसतच नाहीत. 'झूम टू लेयर' केलं की निळं पाणी.

आणि हे सगळं सुटलं तर व्हॉट्सॲपवर एक लिंक टाकायची आहे. मोबाईलवर उघडली पाहिजे, पैसे लागता कामा नयेत.

निपाणीकर

काकांना सांगा, जमीन वाढलेली नाही, मर्केटरनं ताणलीय.

तुम्ही मागं ओपनस्ट्रीटमॅप किंवा सॅटेलाईटचं चित्र लावून काम सुरू केलं असणार. ते लावलं की रिकामा प्रोजेक्ट ईपीएसजी ३८५७ वर जातो, म्हणजे वेब मर्केटर. (गोल पृथ्वी सपाट कागदावर आणायच्या पद्धतीला प्रक्षेपण म्हणतात, आणि ईपीएसजी आकडा म्हणजे अशा प्रत्येक पद्धतीचा क्रमांक.) जिओरेफरन्सरमध्येही तेच राहिलं आणि नवा लेयरही (नकाशाचा थर) त्यातच बनला. हे प्रक्षेपण वेबवरच्या टाइल्ससाठी ठीक आहे, मोजणीसाठी नाही. विषुववृत्तापासून जितकं वर जाल तितकं ते ताणतं. बेळगावच्या अक्षांशाला, म्हणजे १५.८ अंशांच्या आसपास, क्षेत्रफळ ८ टक्क्यांहून जास्त वाढतं. ४० गुंठ्यांचे ४३ च्या वर होतात. तुमचा आकडा बरोबर तिथंच बसतोय.

उपाय: लेयरवर उजवी क्लिक, एक्सपोर्ट, 'सेव्ह फीचर्स ॲज', आणि सीआरएस (नकाशाची निर्देशक पद्धत) ईपीएसजी ३२६४३ निवडा. हा यूटीएमचा (मीटरमध्ये मोजणारं, पट्ट्यापट्ट्यांचं प्रक्षेपण) ४३ उत्तर झोन, ७२ ते ७८ अंश पूर्व रेखांशांचा. अख्खा बेळगाव जिल्हा त्यात बसतो. कृपा करून 'सेट लेयर सीआरएस' ला हात लावू नका. त्यानं आकडे बदलत नाहीत, फक्त पाटी बदलते, आणि लेयर उठून भलतीकडं जातो. नव्या फाईलवर माउस फिरवून खाली बघा. पूर्वेचा आकडा साडेचार लाखांच्या आसपास आणि उत्तरेचा साडेसतरा लाखांच्या जवळपास आला की समजा गाडी रुळावर आहे.

फील्ड कॅल्क्युलेटरमध्ये दोन रस्ते आहेत. 'एरिया' फंक्शनला जिऑमेट्री, म्हणजे आकार, दिली तर ते लेयरच्या सपाट कागदावर मोजतं. डॉलरचं चिन्ह लावलेलं 'एरिया' प्रोजेक्टमध्ये ठरवलेल्या एलिप्सॉइडवर, म्हणजे पृथ्वीच्या गोलसर आकारावर, मोजतं. ३२६४३ मध्ये तुमच्या भागात दोन्हींतला फरक गुंठ्याचा किरकोळ अंश. चौरस मीटरला १०१.१७ नं भागा, गुंठे येतात.

तरीही उताऱ्याशी तंतोतंत जुळणार नाही, आधीच सांगतो. उताऱ्यात पोटखराब वेगळं धरलेलं असतं, जुना कागद आकसलेला असतो, स्कॅनर थोडं वाकडं ओढतो. शिवाय मोबाईलचं जीपीएस उघड्या शिवारातसुद्धा चार-पाच मीटर इकडंतिकडं होतं. एक एकराच्या चौकोनी शेताची बाजू जेमतेम ६४ मीटर असते, त्यात पाच मीटर म्हणजे थोडं नव्हे. पुराच्या रेघेला हे चालून जातं. बांधाच्या भांडणात मात्र हा नकाशा कुणी पुढं केला तर 'ही मोजणी नव्हे' असं स्पष्ट सांगा.

जिओरेफरन्सिंगला कुठले बिंदू घेतलेत? बांधावरची झाडं घेतली असतील तर बदला. देवळाचा कोपरा, जुनी मोरी, तीन गावांची शीव जिथं मिळते तो दगड, असे न हलणारे घ्या, आणि नकाशाच्या चारी अंगांना पसरून घ्या. सगळे गावठाणाजवळ घेतले की शिवाराची टोकं लोंबतात.

लोंढा लोकल

काय करूलालास बाबा, त्या शेपफाईलला सोडून दे की आता.

चित्रविचित्र अक्षरं आणि प्रश्नचिन्हं हे दोन वेगळे आजार आहेत. चित्रविचित्र अक्षरं म्हणजे मजकूर फाईलमध्ये शाबूत आहे, वाचणारा चुकीच्या लिपीसंकेतात वाचतोय. मित्राला सांग, लेयर प्रॉपर्टीजमध्ये 'सोर्स' मध्ये जाऊन एन्कोडिंग (तोच लिपीसंकेत) यूटीएफ-८ कर, मराठी परत येईल. शेपफाईल म्हणजे एक फाईल नव्हे, ते सगळं बिऱ्हाड असतं: एसएचपी, एसएचएक्स, डीबीएफ, पीआरजे, आणि सीपीजी. त्यातली सीपीजी ही एन्कोडिंगची चिठ्ठी. ती तू पाठवली नसशील. प्रश्नचिन्हांचं मात्र वाईट आहे. कुठंतरी सेव्ह होताना त्या एन्कोडिंगला कन्नड अक्षर लिहिताच आलं नाही आणि त्यानं खरोखरचं प्रश्नचिन्ह लिहून टाकलं. ते औषधानं बरं होत नाही, मूळ फाईलमधूनच पुन्हा घ्यावं लागतं. मूळ आहे ना रे जवळ?

शिवाय शेपफाईलमध्ये कॉलमच्या नावाला जागा फक्त १० बाइट. देवनागरीत एकेका चिन्हाला ३ बाइट लागतात, काना-मात्राही त्यात मोजतात. म्हणजे तीन चिन्हं झाली की नाव कापलं. शेपफाईलऐवजी जिओपॅकेज या नव्या फाईल-प्रकारात ठेव. एकच फाईल, यूटीएफ-८, कॉलमचं नाव हवं तेवढं लांब, आणि शिवार, पूररेघ, मोऱ्या असे सगळे लेयर त्या एकाच फाईलमध्ये. पेनड्राइव्हवर नेताना निम्मं बिऱ्हाड मागं राहण्याची भीती नाही.

सीएसव्हीचं सांगू? तुझी वडगावची मोरी उत्तर ध्रुवाकडं गेलीय. एक्सच्या जागी रेखांश द्यायचा असतो, ७४ वाला. वायच्या जागी अक्षांश, १५ वाला. आपण बोलताना अक्षांश आधी म्हणतो, त्यामुळं हे उलटं पडतं. उलटं पडलं की बेळगाव नॉर्वेच्या उत्तरेला, बेअर आयलंड नावाच्या बेटाच्या पश्चिमेला समुद्रात पडतं. मी तिथं बराच हिंडलोय, सगळा खानापूर तालुका नेला होता. बिंदू तिथं नसून विषुववृत्तावर, मालदीवच्या पश्चिमेला दिसले, तर आजार निराळा: अंशांतल्या आकड्यांना तू यूटीएमची पाटी लावलीयस. सीएसव्ही घेताना ईपीएसजी ४३२६, म्हणजे साध्या अक्षांश-रेखांशांचं, तेच द्यायचं.

बांधावरचा (येळ्ळूर)

बेअर आयलंडच होतं! एक्स-वाय बदलल्याबरोबर मोऱ्या नाल्यावर येऊन बसल्या. ३२६४३ मध्ये काकांचं तुकडं ३९ गुंठे आणि वर थोडं भरलं. काका नाराज. कन्नडचा कॉलम मूळ वहीतून पुन्हा भरायला बहिणीला बसवलंय, ती कन्नड माध्यमाची, तिचा हात चालतो.

आता वेबचं सांगा. दोन शंका आहेत. कॉलममध्ये शेतकऱ्यांची नावं आणि मोबाईल नंबर आहेत, ते कुणाला दिसता कामा नयेत. पॉप-अपमध्ये (आकारावर टिचकी मारल्यावर उघडणारी चौकट) लपवले तर पुरे ना? आणि असा नकाशा आपण आपला टाकला तर परवानगीची काही भानगड?

कंकुंबीचा पाऊस

लपवून भागत नाही हो. वेब नकाशात सगळा डेटा वाचणाऱ्याच्या ब्राउझरमध्ये उतरतो, ज्याला बघायचं तो बघतोच. एक्सपोर्ट करतानाच 'सिलेक्ट फील्ड्स' मध्ये नाव आणि नंबरची खूण काढा. जाहीर करायच्या फाईलमध्ये सर्व्हे नंबर, शिवाराचं नाव, बुडालेलं क्षेत्र आणि तारीख एवढंच जाऊ दे. नावांची मूळ जिओपॅकेज घरातच राहू दे.

तारखेवर मात्र जोर देतो, कारण तुमच्या लिहिण्यात ती कुठं दिसली नाही. पुराच्या रेघेला तारीख नसेल तर पुढच्या वर्षी तिचा कुणाला उपयोग नाही. कुठल्या पावसातलं पाणी, ओसरल्यावर किती दिवसांनी रेघ घेतली, हे प्रत्येक पॉलिगॉनला हवं. आणि गावातली मंडळी २०१९ च्या ऑगस्टमधलं पाणी कुठवर होतं ते हमखास सांगणार. तेही घ्या, पण वेगळ्या लेयरमध्ये, तुटक रेघेनं, 'सांगण्यावरून' असा शेरा मारून. चालून घेतलेली रेघ आणि आठवणीतली रेघ एका रंगात दिसली की पहिलीवरचाही विश्वास उडतो. आमच्याकडं मलप्रभेच्या काठावर हे झालंय, अजून वाद चालू आहे.

परवानगीचं: १५ फेब्रुवारी २०२१ ला केंद्राच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागानं नवीन मार्गदर्शक तत्त्वं काढली. भारतीय माणसाला किंवा संस्थेला नकाशा बनवायला, प्रसिद्ध करायला आधी परवानगी काढावी लागत नाही, संवेदनशील गोष्टी सोडून. आपल्याकडं मराठा लाइट इन्फन्ट्रीचं केंद्र आहे, सांबऱ्याला हवाई दलाचं ठाणं आहे. त्या हद्दीत काही टिपू नका. राज्याच्या सीमेची रेघ तुमच्या नकाशात येतच नाही, ती हौसेनं टाकायला जाऊ नका. टाकलीत तर प्रतिक्रियांत नाला बाजूलाच राहील.

लिंकसाठी मी यूमॅप सुचवेन. ओपनस्ट्रीटमॅपवर चालणारं, फुकट. लेयर जिओजेसनमध्ये (वेब नकाशांसाठीचा फाईल-प्रकार) काढा, तिथं इम्पोर्ट करा, रंग द्या, लिंक घ्या. जिओजेसनचं प्रमाण २०१६ चं आहे आणि त्यात ४३२६ चेच अंश लागतात, म्हणून मोजणी ३२६४३ मध्ये आटपून, गुंठ्यांचा कॉलम पक्का करून मगच बदला. एक्सपोर्टच्या खिडकीत खाली 'कोऑर्डिनेट प्रिसिजन' १५ असतं, ते ६ करा. सहाव्या दशांशाला साधारण ११ सेंटीमीटर येतात, त्याच्यापुढचे आकडे नुसतं वजन. फाईल बरीच हलकी होते आणि शिवारातल्या रडक्या नेटवर्कवर उघडते. हलकी करायची म्हणून 'सिम्प्लिफाय' मात्र चालवू नका. ते प्रत्येक पॉलिगॉन सुटा धरून घासतं आणि शेजारच्या दोन शेतांमध्ये फट पडते. फट पडलेला बांध काकांना दाखवणार आहात का?

दिसायला अगदी क्यूजीआयएससारखंच हवं असेल तर 'क्यूजीआयएस टू वेब' प्लगइन लावा आणि निघालेला फोल्डर गिटहब पेजेसवर (फाईली टाकून वेबपान उघडं करायची सोय) टाका. फुकट खात्यावर ती रिपॉझिटरी, म्हणजे फाईलींचा साठा, सगळ्यांना खुली असते, म्हणून नावांचं वर सांगितलेलं तिथं आणखी महत्त्वाचं.

निपाणीकर

पुरवणी. सॅटेलाईट चित्रावरून बांध गिरवले असतील तर ते चित्र कुणाचं आणि त्यावरून गिरवायची मुभा आहे का, हे बघून घ्या. नुसतं मागं लावणं वेगळं, त्यावरून नवा डेटा काढून जाहीर करणं वेगळं. गूगलचं असेल तर ते काम ओपनस्ट्रीटमॅपमध्ये ढकलता येत नाही. आणि ओपनस्ट्रीटमॅप मागं लावलं तर त्यांचं श्रेय कोपऱ्यात दिसलं पाहिजे. यूमॅप ते आपणहून दाखवतं, छापील नकाशात मात्र लोक विसरतात.

बांधावरचा (येळ्ळूर)

बांध गाव नकाशावरूनच घेतलेत, चित्र नुसतं डोळ्यांना आधार म्हणून होतं.

यूमॅपवर चढवलं. रात्री ग्रुपवर लिंक टाकली, सकाळपर्यंत तिघांनी 'आमचा तुकडा सुटलाय' म्हणून कळवलं. म्हणजे लोक उघडून बघतायत. हौस म्हणून गिटहबवरही प्लगइनवालं टाकलं. तिथं मोऱ्यांचे फोटो लॅपटॉपवर दिसत होते आणि लिंकवर गायब. धाकट्या भावानं शोधलं: फाईलच्या नावाचं शेपूट (टिंबापुढची इंग्रजी अक्षरं) कॅमेऱ्यानं मोठ्या लिपीत लिहिलेलं, कॉलममध्ये मी छोट्या लिपीत. विंडोजला दोन्ही सारखंच, गिटहबला नाही. पुढं कुणाला नडलं तर हे बघा.

तारखेचा कॉलम घातला. २०१९ चं काम रविवारी देवळात बसून करणार आहे, चौघे जुनेजाणते आणि प्रिंट काढलेला मोठा नकाशा. स्केचपेननं रेघ मारून घेतो, प्रत्येकाला वेगळा रंग. चौघांच्या रेघा जुळल्या नाहीत तर चारही ठेवायच्या की मधली धरायची?

कंकुंबीचा पाऊस

चारही ठेवा. सांगणाऱ्याचं नाव मूळ फाईलमध्ये, वेबवर फक्त क, ख, ग, घ. आणि चौघांना एका वेळी बसवू नका, एकेकट्याला बोलवा. पहिल्यानं रेघ मारली की बाकीचे तिच्यावरूनच पेन फिरवतात.