मदत हवी आहे: झिजलेलं गिटारचं पिक घरी नीट करता येतं का? (जरा लवकर)

सहावी_तार
पिकचं (तारा छेडायच्या प्लास्टिकच्या तुकड्याचं) टोक झिजलंय. जाड तारांवर खर्रर्र आवाज येतो आणि मध्येच तारेत अडकतं. पॉलिश पेपरने घासून बघितलं, फरक शून्य. कोणता पेपर आणि किती घासायचं, एवढंच सांगा. "नवीन घ्या" म्हणायला कृपया येऊ नका, याच पिकवर हात बसलाय. शनिवारी वाजवायचंय.

मंद्र
पिक कशाचं आहे? नायलॉन, सेल्युलॉइड, डेलरिन, यातलं कुठलं प्लास्टिक? जाडी किती? पेपर कुठल्या नंबरचा होता?

सहावी_तार
साधं पिक आहे हो. हिरवं. पेपर घरात पडलेला होता तो.

जुनं_खोड
पिकचा नाद सोडा, नखं वाढवा आणि बोटांनी वाजवा. माझा प्रश्न कायमचा मिटला.

फटाफट
काका, विचारलंय काय, सांगताय काय! लहान ग्राइंडर असेल तर त्याला पॉलिशचं चाक लावा, दोन मिनिटांचं काम.

मंद्र
मशीन अजिबात नको. प्लास्टिक तापलं की कड वितळते आणि तिथेच गोळा होऊन बसते. सेल्युलॉइड निघालं तर पेटेलसुद्धा. टेबलटेनिसचे जुने चेंडू त्याचेच असायचे, काडी लावली की भसकन जायचे.
हिरव्यावर कासवाचं चित्र आहे का? हाताला पावडर लावल्यासारखं लागतं?

सहावी_तार
हो, कासव आहे. आकडे पुसलेत. आता तरी पेपरचा नंबर सांगाल का?

मंद्र
मग ते डनलॉप कंपनीचं टॉर्टेक्स नावाचं पिक. रंगावरून जाडी कळते: पिवळं ०.७३, हिरवं ०.८८, निळं १.० मि.मी. हे डेलरिन, हाताने छान घासलं जातं. नायलॉन असतं तर पेपर लावल्यावर कडेला केस सुटले असते. नायलॉन घासण्यापेक्षा धारदार पात्याने खरवडलेलं बरं.

फटाफट
ते केस लायटरच्या आचेवरून नुसते फिरवले तरी जातात. मी नेहमी करतो.

मंद्र
तुम्ही करा, पण इथे सुचवू नका. उद्या कोणीतरी हे वाचून सेल्युलॉइडवर करेल.

खुंटीपिळ्या
पिकला टोकं तीन असतात, एवढं कोणाला सुचलं नाही? फिरवून धरा की.

सहावी_तार
तिन्ही झिजलीत. मित्राने दिलं तेव्हाच तशी होती.

खुंटीपिळ्या
मित्राने? हे आत्ता सांगताय! तो उजव्या हाताने वाजवतो ना? आणि तुम्ही?

सहावी_तार
तो उजव्या, मी डावखुरा. त्याचा काय संबंध?

खुंटीपिळ्या
सगळा संबंध तिथेच आहे. पिक आपण तारेला जरा तिरकं धरतो. खाली मारताना एका बाजूची एक कड झिजते, वर मारताना दुसऱ्या बाजूची समोरची कड. मित्राच्या हाताने त्या दोन कडा उतरत्या झाल्या. तुमचा तिरकेपणा त्याच्या आरशातला, त्यामुळे तार नेमकी न उतरलेल्या कडांवर येते. म्हणून अडकतं.

फटाफट
मग पिक पालथं करून धरा, झालं.

खुंटीपिळ्या
नाही होत. पालथं केलं की बाजूही बदलते आणि कडही, म्हणजे उतार होता तिथेच येतो. हातात घेऊन बघा. ज्याने फक्त खालीच मारलंय त्याच्या पिकला एकच उतार असतो, पण पालथं केलं तरी तोही तुमच्या कडेवर येत नाही.

मंद्र
हे मात्र पटलं. मग जुने उतार आधी काढूनच टाकावे लागतील. पद्धत अशी: ४०० नंबरचा पेपर काचेवर सपाट ठेवा. पिक उभं धरून टोकाची बाहेरची रेषा घासा, उतार जाईपर्यंत. टोक थोडं आखूड होईल, होऊ द्या. एकाच जागी घासत राहू नका, मनगट फिरवत राहा, नाहीतर सपाट टप्पे पडतात. मग तुमच्या हाताच्या कडांना हलका उतार द्या. त्यानंतर ६००, १०००, शेवटी २०००, पाणी लावून, म्हणजे भुकटी उडत नाही. आधीच्या पेपरचे ओरखडे दिसेनासे झाल्याशिवाय पुढचा घेऊ नका. खर्रर्र येतं ते या ओरखड्यांचंच, गुंडाळीच्या (वर बारीक तार गुंडाळलेल्या जाड) तारांना ते लगेच लागतात. शेवटी जुन्या जीन्सच्या कापडावर जोरात घासा. आरशासारखी चमक येणार नाही, तिची गरजही नाही.

जुनं_खोड
क्वीन बँडचा गिटारवाला ब्रायन मे सिक्सपेन्सच्या जुन्या ब्रिटिश नाण्याने वाजवतो. नाणं असं लवकर झिजत नाही!

फटाफट
काका, मघाशी बोटं होती, आता नाणं?

जुनं_खोड
बोटं माझी, नाणं त्याचं. आणि तारा झिजल्या तर मला विचारू नका.

सहावी_तार
केलं. ८०० नव्हता, ६०० वरून सरळ १००० वर गेलो.

मंद्र
८०० मी सांगितलाच नव्हता.

सहावी_तार
बरं बरं. अडकणं थांबलं, खर्रर्रही बरंच कमी. पण मी उत्साहात पिक सगळीकडून घासलं, आता बोटांतून सटकतंय.

खुंटीपिळ्या
पकडायची जागा ४०० ने दोन दिशांनी आडवी-उभी खरवडा. आणि जीन्सचं कापड टोकापुरतंच ठेवा.