सागाचा गाभा रोपातच ओळखता येतो का?

प्रश्न (आरमोरी तालुका, गडचिरोली)
नमस्कार. आमच्या धुऱ्यावर 16 वर्षांपूर्वी एकाच दिवशी सागाचे स्टंप (मूळ आणि खोडाचा तुकडा ठेवून छाटलेली रोपे) लावले होते. यंदा घराच्या चौकटीसाठी रीतसर परवानगी काढून त्यांतली दोन झाडे तोडली. घेर जवळपास सारखा होता. पण आरामशिनीवर चिरल्यावर एकाचा तांबूस गाभा वीतभर निघाला, तर दुसऱ्याचा जेमतेम चार बोटे. दुसऱ्याच्या पांढऱ्या लाकडाला महिनाभरात उधई लागली. आता एक विक्रेता ‘डीएनए तपासलेली, उत्तम लाकडाची’ म्हणून रोपे दुप्पट भावाने देऊ करतो आहे. ती घ्यावीत का?

उत्तर 1
मी वृक्षप्रजननाचा अभ्यासक आहे. दोन निवडक झाडांचा संकर करून शेकडो संतती वाढवायची, प्रत्येकीच्या डीएनएवरील खुणा तपासायच्या, पुढे खोडातून 5 मिलिमीटर जाडीची कांडी काढून घनता मोजायची आणि कोणती खूण जड लाकडासोबत वारंवार येते ते पाहायचे, असे हे डीएनएवर गुणाची जागा शोधण्याचे, म्हणजे जनुकांच्या नकाशाचे काम चालते. लोब्लॉली पाइन या अमेरिकेतील झाडामध्ये घनतेशी निगडित असे गुणसूत्रांचे भाग 1994 मध्येच दाखवले गेले. सागाच्या 18 गुणसूत्र-जोड्यांच्या जनुकसंचाचा मसुदाही 2019 मध्ये प्रसिद्ध झाला आहे. मात्र लाकडाचा गुण एका जनुकाच्या हाती नसतो. बहुतेक भागांचा वाटा थोडाथोडा असतो, आणि सागात परपरागण (दुसऱ्या झाडाच्या परागाने बीज धरणे) होत असल्यामुळे एका कुटुंबात खरी ठरलेली खूण दुसऱ्या कुटुंबात अनेकदा निरुपयोगी ठरते. शिवाय ज्या लाकडाची मोजणीच झालेली नाही, त्याविषयी डीएनए काय सांगणार? विक्रेत्याला एवढेच विचारा: मातृवृक्ष कोणता, आणि त्याचे लाकूड कितव्या वर्षी तपासले?

उत्तर 2
माझी हयात बल्लारपूरच्या बाजूला लाकूड पारखण्यात गेली. गाभा वयाबरोबर वाढतो, त्यामुळे 16 वर्षांच्या झाडावरून अंतिम निवाडा करू नये. धुऱ्यावर एका झाडाला नाल्याची ओल आणि दुसऱ्याला मुरूम मिळालेला असू शकतो, तेही तपासा.

प्रश्नकर्ता
दोघांचाही आभारी आहे. विक्रेत्याला विचारले. त्याच्याकडील कागद फक्त सगळी रोपे एकाच वाणाची असल्याचा आहे, लाकडाच्या मोजणीचा त्यात उल्लेखच नाही. दोन्ही झाडे मुरमाडावरच होती, मधले अंतर दहा पावलांचे. वीतभर गाभ्याच्या झाडाच्या बुंध्याला आता हातभर धुमारे फुटले आहेत. त्यांचा काही उपयोग होईल का?

उत्तर 1
अवश्य होईल, ते धुमारे गुरांपासून जपा. बीज धरले की आनुवंशिक गुणांची नव्याने सरमिसळ होते. बुंध्याच्या धुमाऱ्यात मात्र तोडलेल्या झाडाचा संपूर्ण जनुकसंच जसाच्या तसा असतो. असे कोवळे धुमारे म्हाताऱ्या फांदीपेक्षा सहज मुळे धरतात. ओलसर सावलीत, मुळे फुटण्याचे संजीवक लावून छाट कलमे करा. ती साध्या रोपांबरोबर आलटूनपालटून लावा, म्हणजे तो गाभा झाडाचा होता की जागेचा, हे तुमच्याच शेतात मोजता येईल.