अमेरिकेतल्या कॉलेज बास्केटबॉलचे प्रशिक्षक : तुमचे अनुभव लिहा

मार्चमध्ये कॉलेज संघांची राष्ट्रीय स्पर्धा सुरू होते. ६८ संघ, हरला तो बाहेर, आणि कॅमेरा सारखा प्रशिक्षकाच्या चेहऱ्यावर. त्याआधीची वर्षं मात्र कुणी दाखवत नाही. जॉन वुडन यूसीएलएत, म्हणजे लॉस एंजेलिसच्या विद्यापीठात, प्रशिक्षक म्हणून आले १९४८ साली, पहिलं राष्ट्रीय विजेतेपद मिळालं १९६४ साली. १९७५ मध्ये निवृत्त झाले तेव्हा दहा झाली होती. मला त्या दहांपेक्षा आधीच्या काळाचं कुतूहल जास्त आहे. असा प्रशिक्षक जवळून पाहिला असेल तर जरूर लिहा. हरलेल्या मोसमांबद्दल लिहिलंत तर फारच छान.

*

एमएस करताना मी विद्यापीठाच्या संघासाठी व्हिडिओ कापायचो. पुढच्या प्रतिस्पर्ध्याचे सामने बघायचे; पिक अँड रोल (सहकाऱ्याने वाट अडवून चेंडूवाल्याला मोकळं करायचं), झोन डिफेन्स (प्रत्येकाने आपापली जागा राखायची), टाइमआउटनंतरच्या चाली वेगळ्या काढायच्या. एनसीएए या कॉलेज खेळांच्या राष्ट्रीय संस्थेच्या नियमाप्रमाणे मोसमात आठवड्याला २० तासच मिळतात, त्यात सराव आणि व्हिडिओ दोन्ही आले. म्हणून माझ्या तासाभराच्या क्लिप्समधली जेमतेम दहा मिनिटं मुख्य प्रशिक्षक ठेवत. "सगळं सांगितलं तर मुलांना कोर्टवर काहीच आठवत नाही," म्हणायचे.

जीव लागला तो सहायकांवर. रात्री कुठल्या तरी हायस्कूलच्या जिममध्ये एखादा मुलगा हेरायला जायचे, सकाळी सरावाला हजर. पुढे मुख्य प्रशिक्षकांना काढलं, नवे आले ते आपली माणसं घेऊन. एका सहायकाच्या बायकोची नोकरी, मुलांची शाळा, सगळं त्याच गावात होतं. तरी महिन्याभरात घर आवरून गेले. दुसऱ्या कॉलेजात पुन्हा सहायकच. त्यांना एकदा तरी स्वतःचा संघ मिळावा, असं फार वाटतं.

*

माझी लेक डिव्हिजन थ्रीच्या, म्हणजे एनसीएएच्या तिसऱ्या गटातल्या, कॉलेजात खेळली. तिथे खेळाची शिष्यवृत्ती नसते. कोच बाईंनी आमच्यासमोरच तिला सांगितलं, "यंदा तुला सामन्यात फारसं खेळायला मिळणार नाही. सरावात तू समोरच्या संघाची पॉइंट गार्ड हो. आमची तयारी तुझ्यावर आहे." वाईट मला वाटलं, तिला नाही. पॉइंट गार्ड म्हणजे चाल सुरू करणारी खेळाडू, म्हणून दर आठवड्याला ती नव्या संघाच्या चाली पाठ करायची. पुढे पहिल्या पाचात आली, पण तेव्हा नसती आली तरी त्या बाईंबद्दल माझं मत हेच राहिलं असतं.

*

पॅट समिट यांचं नाव इथे हवंच. १९७४ साली, २२व्या वर्षी त्या टेनेसी विद्यापीठाच्या महिला संघाच्या मुख्य प्रशिक्षक झाल्या. तेव्हा संघाची व्हॅन त्याच चालवायच्या, कपडेही त्याच धुवायच्या. १,०९८ विजय, आठ विजेतेपदं. पण मला महत्त्वाचं वाटतं ते हे, की त्यांच्याकडे पूर्ण काळ खेळलेली प्रत्येक मुलगी पदवीधर झाली.

*

धाकटा भाऊ सध्या सहायक आहे. २०१८ मध्ये ट्रान्सफर पोर्टल, म्हणजे कॉलेज बदलू पाहणाऱ्या खेळाडूंची यादी, आलं, जुलै २०२१ पासून खेळाडूंना आपल्या नावाचे, म्हणजे जाहिराती वगैरेंचे, पैसे मिळू लागले. ते त्यांच्या हक्काचेच आहेत. पण ज्या मुलाचा जंप शॉट भावाने खपून सुधारला, तो आता दुसरीकडे खेळतो. एप्रिलमध्ये भावाशी धड बोलताही येत नाही, दिवसभर नव्या मुलांचे आणि त्यांच्या आईवडिलांचे फोन. यंदा अर्धा संघ नवा आहे, आणि नोव्हेंबरात मोसम सुरू.